तालमीतली विद्या आणि रस्त्यावरचा प्रसंग

व्याख्यानमालेच्या चालकांनी पत्र पाठवून विषय कळवला : 'आपल्या मर्दानी विद्या आणि आजचे स्वसंरक्षण'. पत्र वाचून आम्हांला थोडे हसू आले. ज्या माणसाची हयात हमालीचे दर, यंत्रमागावरची मजुरी आणि डाळमिलमधल्या बायांची हजेरी यांचे हिशेब मांडण्यात गेली, त्याने दांडपट्ट्यावर काय बोलावे? परंतु चालकांना आमचे एक जुने गुपित ठाऊक असावे. आम्ही लहानपणी पट्टा शिकलो आहोत. आणि त्या विद्येने ऐन वेळी आम्हांला कसे तोंडघशी पाडले, ही हकीकत युनियनच्या कचेरीत चहाबरोबर पुष्कळांनी ऐकली आहे. आज ती इथे सांगावी लागणार असे दिसते.

आमचे वडील गिरणीकामगार. आमचे शाळेचे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जळगावच्या वल्लभदास वालजी वाचनालयात, मिळेल ते पुस्तक वाचून. चाळीच्या मागे एक तालीम होती. तिच्यात दोन भाग होते. एका बाजूला मातीचा हौद, तिथे कुस्ती चाले. दुसऱ्या बाजूला उघडे अंगण, तिथे वस्ताद लाठी, बनाटी आणि दांडपट्टा शिकवीत. आम्ही अंगाने किडकिडीत, म्हणून हौदाकडे न जाता अंगणाकडे वळलो. पट्टा हे हत्यार मोठे देखणे. लांब, दुधारी, लवचीक पाते. आणि मूठ अशी की हात कोपरापर्यंत लोखंडाच्या खोळीत जातो. त्यामुळे मनगट वळतच नाही. तलवारीचा वार मनगटातून निघतो, पट्ट्याचा खांद्यातून आणि कमरेतून. सगळे अंग फिरवावे लागते, पावले मोजून टाकावी लागतात. शिवजयंतीच्या मिरवणुकीत जमिनीवर निजलेल्या मुलाच्या अंगावरचे लिंबू आम्ही पट्ट्याने कापीत असू, आणि लोक टाळ्या वाजवीत. लाठी तर अशी फिरवीत असू की समोरून फेकलेला खडा अंगाला लागू नये. चार वर्षे आम्ही ती विद्या केली.

पुढे १९९६ साली एका जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी संप चालू होता. कारखान्याचे नाव सांगण्यात आता अर्थ नाही. रात्रीचे अकरा वाजले असतील. फाटकावर आम्ही सातजण होतो. अंधारातून दहाबारा माणसे आली. ती कोणी पाठवली हे सांगावयास नको. आमच्या हातात लाठी होती. आम्ही पवित्रा घेतला, लाठी फिरवली. आणि त्यांच्यातल्या एकाने सरळ पुढे येऊन ती मधोमध धरली. एवढेच! चार वर्षांत आमची लाठी कोणी धरली नव्हती. ती कोणी धरली तर काय करावयाचे, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. आम्ही दोन्ही हातांनी ती ओढीत राहिलो, आणि डोक्यात काय बसले ते दवाखान्यात कळले. आमच्या बाजूला एक हमाल होता. त्याने आयुष्यात लाठी धरली नव्हती. तो हौदातला गडी. अंगावर आलेल्या माणसाचा त्याने पट काढला, त्याला खाली घातला आणि उठून आरोळी मारीत दुसऱ्याकडे गेला. त्या रात्री सातांपैकी चौघे दवाखान्यात गेले. तो गेला नाही.

डोक्याची जखम भरली. मनातला प्रश्न राहिला. आमच्या वस्तादांनी आम्हांला खोटी विद्या दिली काय? त्या काळी रागाच्या भरात आम्ही 'होय' असेच म्हणत असू. पुढे वाचनालयात बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड हाती आले, खानदेशचा इतिहास थोडाफार वाचला, आणि राग निवळला. विद्या खोटी नव्हती. तिच्यातले काहीतरी वाटेत हरवले होते. कोठे हरवले, ते पाहण्यासाठी आपण तापीकाठच्या थाळनेरला जाऊ.

होळकरांचा महिदपूरला २१ डिसेंबर १८१७ रोजी पराभव झाला आणि मंदसौरच्या तहाने खानदेशातले किल्ले इंग्रजांच्या वाट्यास आले. ते ताब्यात घेत सर थॉमस हिस्लॉप २७ फेब्रुवारी १८१८ रोजी थाळनेरास पोहोचला. किल्ल्यात किल्लेदार तुळशीराम आणि अरबांची शिबंदी. तोफा चालल्या, किल्लेदार शरण आला; परंतु आतल्या अरबांशी बोलणी धड झाली नाहीत. शेवटच्या दरवाजाची दिंडी उघडली आणि तिच्यातून मोजके इंग्रज अधिकारी व शिपाई वाकून आत शिरले. आत शिरताच अरब तलवारी व जंबिये घेऊन त्यांच्यावर तुटून पडले. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. कर्नल मरे जंबियांचे घाव अंगावर घेऊन वाचला. मग बाहेरची पलटण आत घुसली, सुमारे तीनशे लोकांची शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिले. त्या फाशीबद्दल इंग्लंडातही हिस्लॉपवर टीका झाली. परंतु आमच्या विषयापुरते महत्त्वाचे आहे ते दिंडीतले काही क्षण. बाहेर तोफा होत्या, बंदुका होत्या, कवायती फौज होती. तथापि त्या अरुंद जागेत, माणसाला माणूस भिडला असता, दीड वितीच्या जंबियाचे काम झाले. आणि ते करणारी माणसे जंबिया मिरवणुकीत फिरवून शिकलेली नव्हती. हाणामारी हाच त्यांचा रोजगार होता. समोरचा आपल्याला मारणार आहे, हे गृहीत धरूनच त्यांचा हात चाले.

अशी हत्यारी माणसे तेव्हा या मुलखात गावोगाव होती. अरब होते, मकराणी होते, आणि सातपुड्यात व सातमाळ्यात धनुष्यबाण बाळगणारे भिल्ल होते. इंग्रजांनी भिल्लांशी आधी लढून पाहिले, ते साधेना. तेव्हा १८२५ साली जेम्स औट्रम याने धरणगावास भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम हाती घेतले. जंगलात शिकार करता करता त्याने त्यांचा विश्वास मिळवला आणि मग त्यांना कवायतीत उभे केले. जे कवायतीत आले नाहीत त्यांच्यातले काही पुढे खाज्या नाईकाबरोबर गेले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईत त्यांचा मोड झाला. पुढे १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरला. सातपुड्यातल्या भिल्लाचा तीरकामठा शिकारीसाठी म्हणून राहिला. गावातल्या पट्टेकऱ्याचा पट्टा मात्र देवघराच्या कोनाड्यात गेला आणि दसऱ्याला पूजेसाठी बाहेर येऊ लागला.

आमच्या मते गोष्ट इथे बिघडली. हत्यार गेले हे तर दिसतेच. त्याच्याबरोबर प्रतिपक्षी गेला, हे चटकन दिसत नाही. पट्टा घेऊन तुमच्यावर कोणी चालून येईल अशी शक्यताच संपली. मग विद्येचे काय उरते? पावले उरतात, हात उरतात, नावे उरतात. आणि बघणारे उरतात! बघणाऱ्यांसाठी केलेली विद्या हळूहळू बघण्यासारखी होत जाते. यात वस्तादांचा दोष नाही. त्यांनी जे हाती आले ते जिवापाड सांभाळले.

जुन्या तालमीत यावरही तोड होती. तिचे नाव फरीगदगा. गदगा म्हणजे चामड्याने मढवलेला सोटा, फरी म्हणजे लहान ढाल. दोघांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांना खरोखर मारावयाचे आणि खरोखर चुकवावयाचे. चुकले तर अंगावर वळ उठे, जीव जात नसे. आमच्या तालमीत फरीगदग्याची एक जोडी खुंटीला टांगलेली होती; तिच्यावरची धूळ आम्ही दरवर्षी नागपंचमीला पुसत असू. ती खाली काढून कोणी खेळल्याचे आम्ही कधी पाहिले नाही. वस्तादांना विचारले तर म्हणत, "पोरांचे हातपाय मोडतात, आईबाप भांडायला येतात." बरोबरच होते त्यांचे. पण आमची लाठी १९९६ साली ज्याने धरली, त्याला धरू देण्यापूर्वी खुंटीवरच्या त्या जोडीने आम्हांला शंभर वेळा सावध केले असते.

कुस्तीचे मात्र असे झाले नाही. कुस्तीला कायद्याने हात लावला नाही, कारण जप्त करण्यासारखे तिच्यात काही नव्हते. आणि कुस्तीत समोरचा कधीच कबूल नसतो. तालमीत त्याला 'जोड' म्हणतात. जोड म्हणजे तुमच्या ताकदीचा, तुम्हांला पाडण्यासाठी जीव तोडून झटणारा माणूस. रोज सकाळी तो तुमचे डाव हाणून पाडतो. दहा डाव शिकावे, त्यांतले दोन त्याच्यावर चालावे. ते दोन तुमचे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि पुढे पोलिस खात्यात उपअधीक्षक झाला, तेव्हा खानदेशात मिरवणुका निघाल्या. त्या गदेच्या मागे अशा किती हजार सकाळी असतील!

विसाव्या शतकात देशी व्यायामाची मोठी लाट आली, तिचाही विचार केला पाहिजे. आपला खानदेश तिच्या दोन केंद्रांच्या मधोमध आहे. सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या गाडीत बसा : मागे राहते बडोदे, जिथे प्रोफेसर माणिकरावांनी उस्ताद जुम्मादादांच्या नावाचे व्यायाममंदिर चालवले, आणि पुढे वऱ्हाडात लागते अमरावती, जिथे वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा काढला आणि त्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. या माणसांनी मल्लखांब, लाठी, लेझीम यांना शिस्त दिली, आपल्या शब्दांत कवायत बसवली, शेकडो मुले एका तालावर उभी केली. अमरावतीच्या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेले आणि तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. गुलाम देशाच्या पोरांनी जगापुढे ताठ मानेने उभे राहणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. परंतु शंभर मुलांनी एका शिटीवर लाठी फिरवावी याला शिस्त लागते, आणि शिस्तीत कोणी कोणाची लाठी धरीत नाही. औट्रमची कवायत आणि आमची कवायत यांचे हेतू वेगळे होते, तरी एवढ्या बाबतीत फळ एकच आले.

"तुमचे जुने झाले गेले, आता मुली कराटे शिकतात, ते व्यवहाराचे आहे," असे कोणी म्हणेल. तर कराट्याचा इतिहास पाहावा. ओकिनावा बेटावर ही विद्या घरोघर गुप्तपणे, दोनचार शिष्यांना शिकवली जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसू नावाच्या गुरूने ती शाळांत आणली. शाळेतली मुले लहान, वर्ग मोठा; म्हणून त्याने सोपे, ठरीव हातवारे बसवले आणि घातक डाव मागे ठेवले. १९२२ मध्ये फुनाकोशीने ती टोकियोत दाखवली आणि तिथून ती जगभर गेली. म्हणजे ज्याला आपण नवे व्यवहारी शिक्षण म्हणतो तेसुद्धा एका जुन्या विद्येची शाळेतली कवायत आहे. आमच्या लाठीची ती जपानी मावसबहीणच.

त्याच जपानात जिगोरो कानो याने १८८२ साली उलट वाट धरली. जुन्या जुजुत्सूतले डोळे फोडणारे, हाडे मोडणारे डाव त्याने सरावातून काढून टाकले. लोक म्हणाले, याने विद्येचे दात पाडले. पण त्यामुळे एक गोष्ट साधली : उरलेले डाव पूर्ण ताकदीने, न कबूल होणाऱ्या माणसावर, रोज करता येऊ लागले. घातक डाव हवेत करणारा आणि सौम्य डाव जिवंत माणसावर करणारा, या दोघांत आम्ही कोणावर पैज लावावी, हे आमचे डोके १९९६ पासून आम्हांला सांगत आले आहे.

इथे कुस्तीची अवास्तव तरफदारीही करून चालणार नाही. इमी लिख्टेनफेल्ड हा ब्रातिस्लाव्हा शहरातला नामांकित कुस्तीगीर व मुष्टियोद्धा. १९३० नंतरच्या दशकात त्या शहरात ज्यूंच्या वस्तीवर गुंडांच्या टोळ्या चालून येऊ लागल्या, तेव्हा त्याला रस्त्यावर उतरावे लागले. आणि आखाड्यातले सगळेच रस्त्यावर चालत नाही, हे त्याला कळले. आखाड्यात एकास एक असतो, पंच असतो, खाली माती असते. रस्त्यावर दोघे असतात, तिसऱ्याच्या खिशात चाकू असतो आणि खाली दगड असतात. खाली घेऊन दाबून ठेवणे हा आखाड्यात विजय आहे; रस्त्यावर ती फुरसत मिळत नाही. आमच्या हमालाने पहिल्याला पाडले आणि त्याच्यावर बसला नाही, तो उठला आणि ओरडला, ही गोष्ट म्हणूनच ध्यानात घेण्यासारखी आहे. पुढे इमीने जी पद्धत बसवली तिच्यात सुटणे, निघून जाणे याला पहिले स्थान आहे. लंडनमध्ये मतदानाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांना १९१३ च्या सुमारास ईडिथ गॅरड या उंचीने पाच फूटही नसलेल्या बाईंनी जुजुत्सू शिकवले. पोलिसांना पाडणे एवढ्यासाठी ते नव्हते. आपल्या पुढारी बाईंना पकडू न देता सभेतून बाहेर काढणे, हे त्या पथकाचे काम होते.

आता ज्यासाठी आम्ही इथे उभे राहिलो ते सांगतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायांना रात्रपाळीची मनाई होती. पुढे कायदे बदलले, रात्रपाळी खुली झाली, सोबत सुरक्षिततेच्या आणि ने-आण करण्याच्या अटी आल्या. अटी कागदावर होत्या. एका कारखान्यातल्या बाया एके दिवशी कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, भाऊ, रात्री नाक्यावर उतरून घरी जाताना दोघे मोटरसायकलवाले मागे लागतात, आम्हांला काही शिकवा. आम्ही गाडीची मागणी लावून धरली आणि सोबत दहा दिवसांचे एक स्वसंरक्षण शिबिर ठरवले. अशी शिबिरे आता पुष्कळ होतात. सरकारी शाळांतून सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचे आत्मरक्षा प्रशिक्षण असते, आणि ते सुरू झाले हे चांगलेच झाले. आमच्या शिबिरात शिक्षक तरुण व मनापासून शिकवणारा होता. तो सांगे, हल्लेखोराने असा हात धरला की असे वळा. आणि त्याचा मदतनीस हात धरी, बाई वळे, मदतनीस धाडकन गादीवर पडे. चौथ्या दिवशी धुळ्याकडची एक बाई तोंडाला पदर लावून हसू लागली. "भाऊ, हाऊ ते आपलाआप पडी ऱ्हायना!" ती म्हणाली. हा तर आपला आपणच पडतो आहे! आम्ही चमकलो. तीस वर्षांत वाचनालयाने आम्हांला जे समजावले, ते त्या बाईने चार दिवसांत पाहिले होते.

म्हणून आम्ही दुसरी सोय केली. महाराष्ट्र केसरीची कुस्ती २०२३ पासून मुलींसाठीही होऊ लागली आहे. कुस्ती खेळलेली एक तरुण मुलगी आम्हांला मिळाली. आमच्या जुन्या तालमीत बायांना हौदात उतरू देण्यास काही मंडळी तयार झाली नाहीत. त्यांच्याशी भांडण्यात आम्ही वेळ घालवला नाही. हमालांच्या एका रिकाम्या गुदामात गाद्या टाकल्या. नियम एकच ठेवला : धरणाऱ्याने सोडावयाचे नाही आणि पडणाऱ्याने आपणहून पडावयाचे नाही. डाव तीनच. धरलेले मनगट सोडवणे, मागून पडलेली मिठी सोडवणे, आणि खाली पडल्यावर पाय मध्ये घालून उठणे. प्रत्येक डावाच्या शेवटी ओरडावयाचे आणि दाराकडे धावावयाचे. ओरडणे सर्वांत अवघड गेले. जन्मभर हळू बोलावयास शिकलेल्या गळ्यातून आवाजच निघेना. पंधरा दिवस गेले त्यात. कायदाही सांगितला. स्वतःच्या बचावाचा हक्क पूर्वी दंडसंहितेत होता, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. बचावाला लागेल तेवढीच इजा करावी, पळणाऱ्याच्या मागे लागून मारू नये. बायांनी यावर पुष्कळ वाद घातला, आणि आम्हांला तो आवडला.

दुसऱ्या महिन्यात धरणारी माणसे कमी पडली, तेव्हा आम्हीही गादीवर उतरलो. वय पन्नाशीच्या पुढे, पण हात अजून घट्ट आहे असा आमचा समज. धुळ्याकडच्या त्याच बाईचे मनगट आम्ही दोन्ही हातांनी धरले आणि सोडावयाचे नाही असे ठरवून धरले. पहिल्या दोन वेळा तिला ते जमले नाही. तिसऱ्या वेळी ती आमच्या अंगठ्याच्या बाजूने निसटली, खांद्याने धक्का दिला आणि दाराशी जाऊन ओरडली. आम्ही गादीच्या कडेवर पडलो. आमचा खांदा तीन आठवडे दुखत होता, आणि ती रोज चौकशी करीत असे.

कारखान्याची गाडी सुरू झाली, पण ती नाक्यापर्यंतच येते. आतल्या वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर दिव्याचे खांब आहेत, दिवे लागावयाचे आहेत. त्याचा अर्ज आम्ही नगरपालिकेत तिसऱ्यांदा दिला आहे. तोवर बाया तिथून चौघी-चौघींनी चालत जातात. पुढे चालणारीच्या हातात विजेरी असते, आणि मागची अधूनमधून वळून पाहते.